विरलेलं, झिजलेलं, थकलेलं

आबा, परवा तुमची शोकसभा झाली. गोरखीत, तुमच्या घरापासून चार पावलांवरच्या दिवाणखान्यात. मी मागच्या जाजमावर बसलो होतो आणि तिथून उठून जावं असं मला तीनदा वाटलं. पहिले वक्ते म्हणाले, "आपल्या समाजाचा एक खांब ढासळला." झालं! ढासळते ती भिंत. खांब कलतो, मोडतो, नाहीतर सरळ आडवा होतो. दुसऱ्यांनी सांगितलं की ग्वाल्हेरच्या दक्षिणी मंडळींना आता उतरती कळा लागली आहे. हे गृहस्थ प्रत्येक शोकसभेत हेच सांगतात, आणि सभा संपली की सगळ्यांत आधी चपला शोधतात. तिसरे वकील. ते म्हणाले, तुम्ही जर्जर देहाचा त्याग केलात. जर्जर! होळीपर्यंत नई सडकेवरून स्वतः भाजी आणणारा माणूस आणि म्हणे जर्जर. मी शेजारच्याला म्हटलं, "यांना शब्द कोणी दिले हाताळायला?" त्यानं मला गप्प बसायची खूण केली. त्याला वाटलं मी दुःखानं बरळतोय.

मलाही बोलायला उभं करत होते. एकोणीस वर्षं एका बैठकीवर बसून काम केलं, तेव्हा बोलायचा पहिला मान माझा, असं सगळ्यांचं म्हणणं. मी घसा बसल्याची सबब सांगितली. घसा ठणठणीत होता. पण तोंड उघडलं असतं तर स्तुती बाहेर पडली नसती. मला राग आला होता, आणि तो त्या वक्त्यांचा नव्हता, तुमचा होता. तुम्ही गेलात तेव्हा मी तिथे नव्हतो. शिवपुरीच्या उन्हात तंबूंच्या खुंट्या ठोकून घेत होतो. माझा दोष की तुमचा, हे मला तुमच्याशी भांडून एकदा ठरवायचं आहे. तुम्ही उत्तर देणार नाही याची तर आणखीच चीड येते. एरवी कधी उत्तराला कमी पडला नाहीत.

आपली पहिली भेट आठवते? दरबारच्या तंबूकोठीत मी नवा कारकून म्हणून आलो, तेव्हा कोठीचे मोठे कारकून, म्हणजे तुम्ही, अंगणात उकिडवे बसून एका कनातीला नाक लावून हुंगत होता. मी नमस्कार केला. तुम्ही वरही न बघता म्हणालात, "ये, हुंग." मी हुंगलं. म्हटलं, "खराब झालीय." तुम्ही असं काही माझ्याकडे पाहिलंत, जणू मी कोणाला शिवी दिली असावी. "खराब म्हणजे काय? कुजलीय? विरलीय? कसर लागलीय? खराब हा काय शब्द आहे? ही उबलीय. ओली असताना घडी घातली कोणीतरी. पंधरा दिवस उन्हात घातली तर वाचेल. लिही, उबलेली."

छापील फर्द्यावर, म्हणजे नोंदीच्या तक्त्यावर, तसा रकानाच नव्हता. चांगले, वापरलेले, विरलेले, जीर्ण, निकामी, एवढे पाचच शेरे सरकारनं मान्य केले होते. तुम्ही समासात बारीक अक्षरात आपले शब्द लिहीत असा. पावसाळा सरला की दसऱ्याच्या आधी आपला वार्षिक झाडा. कोठीतलं सगळं सामान अंगणात मांडायचं. शामियाने, कनाती, जाजमं, गालिचे, दोर, खांब. एकेका वस्तूपुढे उभं राहून तिची स्थिती काय ते बोलायचं, नाव मी लिहायचं आणि शेरा तुम्ही आपल्या हातानं भरायचा. ज्याच्यापुढे 'निकामी' पडलं ते त्याच दिवशी फाडून तबेल्यात फडक्यांसाठी जायचं. एका शब्दानं गालिच्याचं पायपुसणं व्हायचं. म्हणून तुम्ही 'निकामी' हा शब्द असा जपून वापरायचात, की कोठीवरचे अंमलदार, हाकीम, चिडायचे. "आबासाहेब, कोठीत नवं सामान यायला जागा तर करा!" तुम्ही म्हणायचात, "साहेब, विरलंय फक्त. अजून दोन उन्हाळे काढील."

हे वेड कोठीपुरतं असतं तरी ठीक होतं. तुम्ही आमच्या घरी जेवायला आलात की माझी बायको धास्तावायची. एकदा ती म्हणाली, "पापड सडले हो सगळे." तुम्ही हातातला घास खाली ठेवलात. "वहिनी, पापड सादळतात. सडतो तो आंबा. दूध नासतं, ताक आंबतं, तूप खवट होतं, भाकरीला बुरशी येते, डाळीला भुंगा लागतो. प्रत्येकाचं मरण वेगळं असतं, त्याला त्याचं नाव द्यावं माणसानं." ती आत जाऊन म्हणाली, "यांना जेवायला बोलावता की परीक्षेला?" पण पुढं तीच शेजारणीला सांगताना मी ऐकलं, लोखंड गंजतं, चांदी काळवंडते, तांब्याला कळंक चढतो. आणि आमची कुसुम! इथल्या शाळेत जाणाऱ्या सगळ्या पोरांसारखी अर्धी हिंदीत बोलणारी. तिचं सगळंच खराब. छत्री खराब हो गई, पेन्सिल खराब झाली, घड्याळ खराब, तबियत खराब. तुम्ही तिला समोर बसवून पेन्सिल बोथट होते हे दहा वेळा म्हणायला लावलंत. अकराव्या वेळी ती म्हणाली, "आबाकाका, बोथट म्हणून म्हणून मेरा मुँह खराब हो गया." त्या दिवशी तुम्ही हरलात. तुम्ही हसत हसत मान्य केलंत, हेही सांगतो. मी एवढाही रागावलेलो नाही की ते लपवीन.

मी तुमच्याकडून शब्द शिकलो. पण तुम्ही ते वापरता कसे यावर आपलं कधी जमलं नाही. माझं म्हणणं सरळ होतं. शब्द नेमका आहे ना, मग जे दिसतं ते लिहा आणि जे लिहिलंय ते वाचा. तुमचं मात्र वेगळंच. तुम्हाला नेमका शब्द ठाऊक असायचा आणि लिहिताना तुम्ही त्याच्या एक पायरी वरचा लिहायचात. जीर्ण असेल तर विरलेलं. कुजलं असेल तर झिजलेलं. मी म्हणायचो, "आबा, हे खोटं आहे." तुम्ही म्हणायचात, "खोटं नाही रे. जरा वेळ मागून घेतो त्याच्यासाठी."

वस्तूंपुरतं मी सोसलं असतं. पण झाड्याच्या शेवटच्या दिवशी माणसंही उभी राहायची. तंबू ठोकणारे, दोर ओढणारे, शिवणारे. त्यांच्यापुढेही शेरा. धडधाकट, थकलेला, अधू. थकलेल्याला हलकं काम मिळायचं, कोठीत बसून राखण करायची, पगार तोच. अधू असं पडलं की नाव कमी. तुमच्या एकोणीस वर्षांच्या फर्द्यांत, आबा, एकही माणूस अधू नाही. एकही नाही! कंबरेतून वाकलेले, एका हातानं काम करणारे, खोकून खोकून रक्त पडणारे, सगळे तुमच्या अक्षरात थकलेले. कोठीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. हाकिमांना ठाऊक नव्हतं, एवढंच. तुम्ही थकलेला लिहिलंत की आम्ही समजून चालायचो, याचं काही खरं नाही आता, याला संभाळा. दोरावर कोणी त्याला पाठवायचं नाही, त्याचा डबा कोणीतरी उचलायचं, आठवड्यातून एकदा कोणीतरी त्याच्या घरी डोकवायचं. हा नियम कोणी लिहिला नव्हता. तुमच्या शेऱ्यापाठोपाठ तो आपोआप लागू व्हायचा.

रामदीनचं सांगू का? सांगायलाच हवं, त्याशिवाय हे भांडण पुरं होत नाही. तंबू शिवणारा म्हातारा, डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. चार वर्षं तुम्ही त्याच्यापुढे थकलेला लिहीत होता आणि तो बोटांनी चाचपून टाके घालत होता. पाचव्या वर्षी ऐन झाड्याला तुम्ही लेकीच्या बाळंतपणासाठी इंदूरला गेलात आणि फर्दा माझ्या हाती आला. मी रामदीनसमोर हात धरून बोटं मोजायला सांगितली. किती? तो म्हणाला, "तीन, बाबूजी." बोट एकच होतं. मी अधू लिहिलं. माझ्या मते त्यात काही चूक नव्हती. महिन्याच्या आत त्याचं नाव कमी झालं. जाताना तो माझ्याशी भांडला नाही, भांडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "आपने तो सच लिखा, बाबूजी. सच के आगे हम क्या बोलें."

तुम्ही परत आलात, फर्दा पाहिलात, आणि अकरा दिवस माझ्याशी बोलला नाहीत. बाराव्या दिवशी मला स्टेशनाजवळच्या पडावाला घेऊन गेलात. स्टेशनाबाहेर तांगे उभे राहतात तिथे रामदीन फडक्यावर दातवणाच्या काड्या मांडून बसला होता. गिऱ्हाईक काय घेतंय तेही त्याला दिसत नव्हतं. तुम्ही त्याच्याकडून दातवणाची जुडी घेतलीत, माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, "हे तुझं नेमकं." बस्स. परत येताना पूर्ण रस्ताभर मी बोलत होतो, तुम्ही ऐकत होता. मी काय काय बोललो ते आता आठवत नाही. मी चुकलो एवढं सोडून सगळं बोललो असणार.

पण मग दोराचंही बोलू या. तुम्ही ते कधी बोलू दिलं नाहीत. मोठ्या शामियान्याचा सुती दोर आतून कुजला होता. वरून पीळ घट्ट दिसायचा, पण तुम्हाला न कळायला तुम्ही काय नवखे होता? तुम्ही झिजलेला लिहिलंत. नवा दोर मंजूर व्हायला वर्ष लागेल, तोवर हा चालून जाईल असा तुमचा हिशोब. वाऱ्याच्या एका झोतात तो तुटला, खांब आला तो तंबू ठोकणाऱ्या एका माणसाच्या खांद्यावर. त्याचा हात पुन्हा कधी डोक्याच्या वर गेला नाही. पुढच्या झाड्याला तो समोर उभा राहिला तेव्हा तुम्ही त्याच्यापुढे थकलेला लिहिलंत. वय त्याचं सव्वीस! मी लेखणी टाकून दिली. म्हटलं, "आबा, त्या दोरापुढे कुजलेला लिहिलं असतंत तर आज याच्यापुढे हे लिहावं लागलं नसतं." तुम्ही चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसत राहिलात. मला वाटलं मी जिंकलो. लगेच मला माझीच लाज वाटली, पण ती मी बोलून दाखवली नाही.

त्या दिवसानंतर आपण हा वाद हसण्यावारी न्यायला लागलो. तुम्ही मला विनायकशास्त्री म्हणायला लागलात. कोणी हरवलं नाही, कोणी हरलं नाही, वाद नुसता पडून राहिला. असा पडून राहिलेला वाद आतून काय होतो, आबा? त्याला तुमच्याकडे शब्द असेलच. मला तो विचारायचा राहिला.

आता शिवपुरीचं. चैत्र संपता संपता महाराजांच्या स्वारीच्या मुक्कामासाठी तंबू हलले. दरवर्षी तुम्ही जायचात. या वर्षी म्हणालात, "तू जा. मला ऊन सोसत नाही हल्ली." मी आनंदानं निघालो, खोटं कशाला बोलू. पहिल्यांदाच सगळा मुक्काम माझ्या हाती येत होता. तुम्ही गाड्या भरताना फाटकाशी येऊन उभे राहिलात. तुमचा तो काळा कोट खांद्यावरून लोंबत होता. मी थट्टा केली, "आबा, कोट सैल झाला की तुम्ही आक्रसलात?" तुम्ही म्हणालात, "जुनं कापड सैलावतं रे." आणि मी ते मानलं! हातभर अंतरावरून जाजमाचा विरलेला धागा ओळखणारा मी. एखाद्या कनातीची अशी स्थिती दिसली असती तर मी तिला उजेडात धरून, दोन्ही बाजूंनी पाहून मगच शेरा दिला असता. तुमच्या कोटाकडे पाहिलं, कोटातल्या माणसाकडे पाहिलं नाही.

तुम्हाला तेव्हा ठाऊक होतं. तुमच्या घरी काकूंनी मला आता सांगितलंय. फाल्गुनातच वैद्यांनी पोटातली गाठ चाचपून सांगितलं होतं की दसरा दिसणार नाही. फाटकाशी उभे राहून तुम्ही मला दोर मोजून घ्यायला सांगत होता आणि तुम्हाला ठाऊक होतं. ह्याला काय म्हणायचं? पुढची दीड-पावणेदोन महिन्यांची घडामोड आठवली की मला कोठीतली सगळी जाजमं फाडून टाकावीशी वाटतात.

तुमचं कार्ड आलं ते ज्येष्ठाच्या सुरुवातीला. मला तोंडपाठ आहे. 'चि. विनायकास अनेक आशीर्वाद. इकडील सर्व क्षेम. मी थोडा थकलो आहे. सवडीने येऊन जावे. दोरांकडे लक्ष असू द्यावे.' मी ते तंबूच्या दारात उभा राहून वाचलं. एका हाती खुंट्यांची यादी होती. वाचलं, म्हटलं ऊन फार आहे, थकणारच. शेवटच्या ओळीवर तर मी चिडलोसुद्धा. दोरांबद्दल मला सांगताहेत, आणि तेही तुम्ही! लगेच उलट टपाली उत्तर टाकलं. 'थकवा उन्हाचा असेल. दुपारचे बाहेर पडू नये. पन्हे घ्यावे. स्वारीचा मुक्काम पौर्णिमेपर्यंत आहे, तो हलला की येतोच.' अक्षर छान आलं होतं. टपाल नेणाऱ्याच्या हाती देताना मला आपण कर्तव्य केल्यासारखं वाटलं.

नवव्या दिवशी तार आली. मी गाडी धरली. ती छोटी गाडी, आबा, तुम्हाला ठाऊकच आहे, तिच्याबरोबर चालत जावं तर माणूस आधी पोचेल. पडावाला उतरलो, तांगा केला, गोरखीच्या वळणावर मला बाहेरच उभी असलेली माणसं दिसली. डोकी भिजलेली. स्नान करून परतत होती सगळी. मीच विचारलं, "झालं?" आणि त्यांनी माना हलवल्या.

पहिले चार दिवस मी काकूंसमोरही धड बसलो नाही. माझ्या डोक्यात एकच. तुम्ही मला सांगितलं नाहीत. पापडासाठी घास खाली ठेवणारा माणूस, प्रत्येक मरणाला त्याचं नाव द्यावं म्हणणारा, आणि स्वतःच्या वेळेला 'थोडा थकलो' लिहून मोकळा झाला! खंगलोय म्हणायचं होतं. संपत आलोय म्हणायचं होतं. शब्दांची काय टंचाई होती तुम्हाला? तेरा दिवस मी हे मनातल्या मनात तुम्हाला सुनावत होतो. शोकसभेत त्या वकिलाचा जर्जर ऐकून मला क्षणभर वाटलं, निदान ह्यानं काहीतरी मोठं तरी म्हटलं.

काल दुपारी शेवटी काकूंना म्हणालोच. त्या ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. मी म्हटलं, "काकू, मला का नाही कळवलंत? एक तार टाकायची." त्यांनी सूप खाली ठेवलं.

"मी तर रोज म्हणायची, तार करा, तार करा. मानतच नव्हते. म्हणाले, जरूरत नाही, मी विनायकाला लिहिलंय."

"काय लिहिलंय? थोडा थकलो, एवढंच तर!"

"हेच मीही म्हटलं त्यांना. म्हटलं, एवढ्यानं त्याला काय समजणार? तर म्हणाले, इतर कोणाला नाही समजणार. पूर्ण ग्वाल्हेरात त्या एकालाच समजेल. माझ्या हातचं थकलेला म्हणजे काय, ते त्याला शिकवायला नको. उद्या-परवा दारात येऊन उभा राहील बघ."

मी काकूंचं सूप माझ्याकडे ओढलं आणि तांदूळ निवडायला लागलो, आबा.

काकू बोलत राहिल्या. त्यांना थांबवायचं माझ्याच्यानं झालं नाही. तुम्ही दोन दिवस दुपारच्या गाडीची शिट्टी झाली की दाढी करून बसायचात म्हणे. कोणाचा आधार न घेता. तिसऱ्या दिवशी माझं कार्ड आलं. काकूंनी वाचून दाखवलं. तुम्ही पुन्हा वाचायला लावलंत. पन्ह्याच्या ओळीवर हसलात. "मी विचारलं, दुसरी चिठ्ठी लिहू का, साफ लिहू? तर नको म्हणाले. म्हणाले, आहे तसं वाचलं त्यानं. बरोबर वाचलं. एवढी वर्षं तेच तर सांगत होता मला. म्हणाले, त्याला सांग, वाद तू जिंकलास."

"रागावले होते?"

"नाही हो. रागावायला अंगात काय राहिलं होतं."

म्हणजे तुम्ही लपवलं नव्हतंत. जे कोणाला सांगितलं नाही ते मला सांगितलं होतंत, आपल्या कोठीच्या भाषेत, जिच्यात मी तरी कधी फसायला नको होतो. फर्द्यातली सगळी नावं मी लिहिलीत. त्या शब्दापुढे उभी राहिलेली एकेक माणसं मला तोंडावळ्यानिशी आठवतात. कोणाला दोरावर पाठवायचं नाही, कोणाच्या घरी डोकवायचं, हे मी इतरांना सांगत फिरायचो. आणि तुमचं कार्ड हातात धरून मी पन्हं घ्या म्हणून लिहिलं.

तेरा दिवसांचा राग घेऊन मी कुठे जाऊ आता? तो अजून आहे. फक्त त्याला तुमचं दार बंद झालंय, म्हणून तो माझ्याकडेच परत येतो. तरी थोडा तुमच्यावर शिल्लक ठेवतो, ठेवणारच. काय म्हणून हार मानलीत? पापडासाठी भांडलात, कनातीसाठी भांडलात, रामदीनसाठी अकरा दिवस अबोला धरलात, दर झाड्याला माझ्याशी शब्दाशब्दाला हुज्जत घातलीत, आणि या एका वेळेला, जिथे भांडायला हवं होतं तिथे, "बरोबर वाचलं त्यानं"? नव्हतं बरोबर वाचलं. तुम्हाला ठाऊक होतं की नव्हतं. मला तो वाद जिंकायचा नव्हता. निदान असा नाही, निदान तुम्ही दाढी करून बसलेले असताना नाही.

काकूंच्या हातचं अजून एक कार्ड पुरलं असतं, आबा. त्यावर तुमचे ते नेमके शब्दही नकोत. मूर्खा, ये. एवढंच. गाडीची वाट न बघता मी चालत आलो असतो.